कॅलासचा घसा आणि रसिकांचा राग

मैत्रिणींनो, आवडत्या पदाला ‘वन्स मोअर’ देणारे संगीत नाटकांचे रसिक आपल्याला ठाऊक आहेत. इटलीतलं ऑपेराचं वेड याहून कडक. मिलानच्या ‘ला स्काला’मध्ये सगळ्यात वरच्या सज्जात स्वस्त तिकिटं असतात, आणि खरे दर्दी तिथेच बसतात. सूर घसरला की शिट्ट्या. तिकडे शिट्टी म्हणजे शाबासकी नव्हे, नापसंती! १९५०च्या दशकात या रसिकांत दोन तट होते, एक मारिया कॅलासचा, दुसरा रेनाता तेबाल्दीचा. नळावरची भांडणं त्यापुढे फिकी.

२ जानेवारी १९५८ला रोममध्ये ‘नॉर्मा’ होता. समोर देशाचे राष्ट्राध्यक्ष, कॅलासचा घसा बसलेला, आणि बदली गायिका तयार नाही. पहिला अंक तिने कसाबसा निभावला. हेटाळणी झाली, ती पुन्हा मंचावर आली नाही. वर्तमानपत्रांनी तिच्या आजारपणाला नखरा म्हटलं. बाईचं दुखणं खरं मानायला एवढा वेळ का लागतो, असं आम्हाला वाटतं. तिने कोर्टात दाद मागितली, आणि बऱ्याच वर्षांनी निकाल तिच्या बाजूने लागला.

मार्च १९६५मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘टोस्का’साठी परतली, तेव्हा लोक तिकिटासाठी रस्त्यावर रात्र काढत होते. आवाज पूर्वीचा उरला नव्हता, हे ठाऊक असूनही.