अ‍ॅनिलीनच्या नावातली नीळ

रंग, औषधे आणि रबर यांच्या उद्योगात अ‍ॅनिलीन हे तेलकट द्रव्य पदोपदी लागते. नाव परके वाटले तरी त्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृतात निळीच्या झुडपाला 'नीली' म्हणतात. हा शब्द फारसीमार्गे अरबीत गेला. अरबीत 'न'आधी 'अल्' हे उपपद आले की उच्चार 'अन्-नील' होतो. पोर्तुगीजांनी तो उपपदासकट उचलला आणि त्यांच्याकडे नीळ 'अनिल' झाली. निळीच्या एका जातीचे शास्त्रीय नावही 'इंडिगोफेरा अनिल' असे पडले.

1826 साली ओट्टो उनफेरडोर्बेन यांनी निळीच्या ऊर्ध्वपातनातून एक द्रव मिळवला. आम्लाबरोबर त्याचे छान स्फटिक होत, म्हणून त्यांनी त्याला 'क्रिस्टालिन' म्हटले. 1834 मध्ये फ्रीडलीब रुंगे यांना दगडी कोळशाच्या डांबरात एक द्रव्य सापडले. ब्लीचिंग पावडरने ते निळे होई, म्हणून निळ्याच्या ग्रीक शब्दावरून ते 'क्यानोल' ठरले. 1840 च्या सुमारास कार्ल युलिउस फ्रिट्शे यांनी नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवली आणि मिळालेल्या तेलाला 'अनिल'वरून 'अ‍ॅनिलीन' म्हटले. 1842 मध्ये निकोलाय झिनिन यांनी नायट्रोबेंझीनपासून 'बेंझिडाम' बनवले. पुढच्याच वर्षी ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी ही चारही द्रव्ये एकच असल्याचे सिद्ध केले. टिकले ते मात्र फ्रिट्शे यांचे नाव.

1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. 1865 साली स्थापन झालेल्या 'बीएएसएफ' कंपनीच्या नावातला 'ए' अ‍ॅनिलीनचाच. तिने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली, ती अँथ्रानिलिक आम्लापासून. त्याही नावात 'अनिल' आहेच. या स्वस्त निळीने बिहारच्या निळीचा भाव पाडला. मळेवाल्यांनी तोट्याचा भार वाढीव खंडाच्या रूपाने कुळांवर टाकला. 1917 साली चंपारणला गेलेल्या गांधीजींसमोर आलेल्या तक्रारींत हीही होती.

शेतातल्या निळीने ज्या द्रव्याला नाव दिले, त्याच्याच रसायनशास्त्राने पुढे तिची शेती मोडली. म्हणून अ‍ॅनिलीनचे सूत्र शिकवताना शिक्षकांनी हा वंशही सांगावा. रेणूची रचना कळली तरी त्यापायी कुळांनी काय सोसले, ते सूत्रातून कळत नाही.