सोनं चौघींचं: मेरी डिसूझा आणि १९५४ची रिले

तुमच्यापैकी बरेच जण हा भाग सकाळी ग्राउंडवर, कानात इअरफोन घालून ऐकत असाल. आपल्या वर्धेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटेच धावायला निघतात, आणि १०० मीटरमधली आपली वेळ त्यांना तोंडपाठ असते. तीच वेळ आज डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आजची गोष्ट मेरी डिसूझाची. मुंबईच्या बांद्र्यातली, गोवेकर कुटुंबातली मुलगी. मार्च १९५१मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. मेरी तेव्हा विशीच्या आतली. तिने २०० मीटरमध्ये कांस्य जिंकलं आणि ४ बाय १०० मीटर रिलेत रौप्य. त्या रिले संघात मुंबईचीच रोशन मिस्त्री होती, जिने १०० मीटरमध्ये वैयक्तिक रौप्यही मिळवलं. त्याच खेळांत मुंबईच्या लेव्ही पिंटोने पुरुषांची १०० आणि २०० मीटर, दोन्ही सुवर्णं घेतली. म्हणजे तेव्हा आशियातला वेग शोधायचा तर मुंबईत यावं लागायचं!

पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. मेरी, निलिमा घोष आणि जलतरणपटू डॉली नझीर व आरती साहा अशा चौघी भारताकडून गेल्या. पण निवड झाली म्हणजे तिकीट मिळालं, असं तेव्हा नव्हतं. मेरीसाठी शेजाऱ्यांनी आणि मित्रमंडळींनी कार्यक्रम घेऊन पैसे जमवले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच ऑलिंपिकला गेले, तेही लोकांनी केलेल्या मदतीवरच. खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं. मेरी १०० आणि २०० मीटर धावली, पण दोन्हीत पहिल्या फेरीच्या पुढे गेली नाही.

आता इथे थांबून जरा विचार करा. रेकॉर्डबुक उघडलं तर ऑलिंपिकसमोर एवढंच दिसतं: पहिल्या फेरीत बाद. पण तेवढ्यावरून मेरीचं करिअर मोजायचं का?

मे १९५४, मनिला, दुसरे आशियाई खेळ. भारताच्या रिले संघात चौघी होत्या: ख्रिस्टीन ब्राऊन, व्हायोलेट पीटर्स, पुण्याची स्टेफी डिसूझा आणि आपली मेरी. (दोन डिसूझा आहेत बरं का, गोंधळू नका.)

रिलेत खरी गंमत धावण्यापेक्षा बॅटन देण्यात असते. तेव्हा बॅटन बदलायला फक्त २० मीटरचा पट्टा मिळायचा. त्याच्या आत समोरचीने वेग पकडायचा आणि मागचीने वेग न सोडता बॅटन हातात ठेवायचं. पट्टा संपला की संघ बाद. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, दोन मॉड्यूल वेगवेगळी मस्त चालतात, घोळ होतो तो जोडणीत. रिलेचंही अगदी तसंच. एकटीने कितीही जोरात धावून ही शर्यत जिंकता येत नाही.

चौघींनी ती जिंकली, ४९.५ सेकंदांत. सरासरी काढा: प्रत्येकी १२.४ सेकंदांच्या आसपास. रिलेत पहिली सोडून बाकीच्या तिघींना धावता-धावता सुरुवात मिळते, हे धरूनही आता तुमची स्वतःची वेळ आठवा!

आशियाई खेळांत भारतीय महिलांचं हे पहिलं सुवर्ण. आणि ते एकीचं नाही, चौघींचं.

मला वाटतं, आपण ते विसरलो त्याचं एक कारण हेच आहे. आपल्याला एक नाव, एक चेहरा, एक पोस्टर लागतं. चार नावं एका पोस्टरवर मावत नाहीत. दोन वर्षांनी, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकला, भारताकडून एकच महिला गेली, मेरी लीला राव. आशियाचं सुवर्ण जिंकणाऱ्या या चौघींपैकी एकही तिथे धावली नाही. रिलेचा संघ पाठवायचा तर चार तिकिटं लागतात; एकीच्या तिकिटासाठीच जिथे वर्गणी काढावी लागत होती, तिथे चौघींचं काय!

त्यांचं पुढे काय झालं? स्टेफीने १९५८मध्ये टोकियोच्या आशियाई खेळांत २०० मीटरचं रौप्य घेतलं, १९६३चा अर्जुन पुरस्कार मिळवला आणि १९६४च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावली. मेरी तर हॉकीतही भारताकडून खेळली. दोन खेळांत देश गाजवणारी पोरगी! पुढे ती अमेरिकेत स्थायिक झाली. सरकारने तिला ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली, तिने ऐंशी ओलांडल्यावर. मनिलाच्या सुवर्णानंतर तब्बल ५९ वर्षांनी.

म्हणून सांगतो, पुढच्या वेळी स्पर्धेत आपल्या जिल्ह्याची रिले टीम उतरली, तर फक्त शेवटची रेषा ओलांडणारीचा फोटो काढू नका. चौघींची नावं विचारा, चारही लिहा. इतिहास असाच टिकतो, कोणीतरी नावं लिहून ठेवली म्हणून.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर धावत राहा!