रडण्याचा चौक

अथेन्सच्या मध्यभागी एक चौक आहे. त्याचं नाव क्लाफ्थमोनोस, म्हणजे रडण्याचा चौक. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, इथे एखादी लढाई झाली असणार. पण रडणारे होते कारकून! एकोणिसाव्या शतकात ग्रीसमध्ये सरकार बदललं की आधीच्या पक्षाची माणसं घरी जायची आणि नव्या पक्षाची खुर्चीत बसायची. काढलेले लोक या चौकात जमून रडायचे.

यावर उपाय म्हणून 1911च्या राज्यघटनेत सरकारी नोकरी कायम झाली. तरी वशिला टिकून राहिला. भरतीवर लक्ष ठेवायला 1994 साली ‘आसेप’ ही स्वतंत्र संस्था आली, तेव्हा मागच्या दारानं कंत्राटी भरती चालू राहिली.

मग 2010 साली देश कर्जात बुडाला. युरोपीय देश आणि नाणेनिधीनं 110 अब्ज युरोंचं कर्ज देऊ केलं. एक अट अशी : पाच माणसं गेली, तर एकच भरायचा. 2012च्या दुसऱ्या करारात आकडाच ठरला, 2015पर्यंत दीड लाख नोकऱ्या कमी.

वशिल्याची भरती खरीच होती, त्यामुळे कर्ज देणाऱ्यांचा राग मला समजतो. पण आकडा हा प्रश्न विचारत नाही की कोण वशिल्यानं आला आणि कोण परीक्षा देऊन. घटनेतली कायमताही ‘पद असेपर्यंत’च होती. म्हणून 2013 साली सरकारनं पदंच रद्द केली. शाळांचे रखवालदार गेले. अर्थखात्याच्या 595 सफाई कामगार बायका गेल्या आणि त्यांचं काम खासगी कंत्राटदारांकडे गेलं.

त्या बायका लाल रबरी हातमोजे घालून कित्येक महिने अर्थखात्यासमोर बसून राहिल्या. 2015 साली सरकार बदललं आणि त्यांना परत कामावर घेतलं गेलं.

मला आनंद झाला, पण लगेच तो चौक आठवला. सरकार बदललं की नोकरी जाते, सरकार बदललं की नोकरी मिळते. शंभर वर्षांपूर्वी हेच तर थांबवायचं होतं ना?

स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरताना आपण जागा किती निघाल्या ते बघतो. तो आकडा कुणी ठरवला आणि कशासाठी, हेही विचारायला हवं.