तंजावरचा राजा आणि नागोरचा मिनार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वसईतून दक्षिणेला यात्रेला जाणारी माणसे तीन वाटांनी जातात. ८ सप्टेंबर जवळ आला की गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांची वेलंकणीची तयारी सुरू होते. दिवाळीनंतर रामेश्वर, कन्याकुमारी आणि तिरुपतीच्या सहलींचे फलक नाक्यानाक्यावर लागतात. आणि आमच्या मुसलमान वस्तीतली थोडी माणसे नागोरच्या दर्ग्याला जातात. परत आल्यावर सगळे आपापला प्रसाद वाटतात. वसईची रीत अशी की तो प्रसाद तिन्ही घरांत पोहोचतो. पण ही तीन ठिकाणे एकाच जुन्या राज्यात किंवा त्याच्या वाटेवर होती, आणि त्या राज्याचे राजे मराठी बोलत होते, ही गोष्ट मात्र यात्रेकरूंच्या पिशवीतून सहसा घरी येत नाही. आज ती सांगायची आहे.

ते राज्य म्हणजे तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून तिकडे गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास कावेरीकाठच्या त्या सुपीक मुलखाचे राजे झाले. त्यांच्या वंशाने तिथे १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे गादी राखली. पुण्याची पेशवाई एवढी वर्षे टिकली नाही. तरी आमच्या शाळेतल्या इतिहासात तंजावर एका परिच्छेदात येते आणि त्याच परिच्छेदात संपते.

तंजावरला उतरलेला प्रवासी प्रथम बृहदीश्वराच्या देवळात जातो, आणि जावेच. राजराज चोळाने बांधलेले हे देऊळ १०१० साली पूर्ण झाले. शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. मान वर करून पाहताना टोपी पडावी अशी ती उंची. बहुतेक लोक शिखर पाहतात, नंदी पाहतात, फोटो काढतात आणि निघतात. मी सर्वांना सांगतो की निघू नका. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे चालत जा. तिथल्या भिंतींवर देवनागरी अक्षरे दिसतील. आजूबाजूला सगळीकडे तमिळ आणि ग्रंथ लिपीतले चोळांचे लेख आणि मध्येच आपली ओळखीची अक्षरे! वाचू लागलात तर कळते की भाषाही आपलीच आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास इथे कोरवून घेतला. मजकूर लिहिला त्यांच्या चिटणिसांनी, बाबूरावांनी. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याची ख्याती आहे.

मी तिथे तासभर उभा होतो. त्या तासात देवळात शेकडो भाविक येऊन गेले, पण भिंतीपाशी थांबले एकच गृहस्थ. वयाने सत्तरीच्या पुढचे. मला ओठ हलवत वाचताना पाहून त्यांनी विचारले, "तुम्ही कोठचे?" मी म्हटले, "वसईचा." त्यांच्या बोलण्याला तमिळचा हेल होता. 'कोठे', 'कोठचे' ही रूपे आपल्याकडे आता पुस्तकात राहिली, त्यांच्या तोंडी ती सहज येत होती. ते तंजावरचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण लिहिणे-वाचणे तमिळमध्ये. नातवंडांना तर बोललेलेही थोडेच कळते. भिंतीवरची अक्षरे त्यांना नीट लावता येत नव्हती. मी वाचत गेलो, ते ऐकत गेले. मध्येच त्यांनी माझे नाव विचारले. सांगितल्यावर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मुसलमान असून मराठी?" मी विचारले, "तुम्ही तंजावरात जन्मून मराठी, ते कसे?" दोघेही हसलो आणि वाचन पुढे चालू झाले.

हा सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) विलक्षण माणूस. गादीवर बसल्यावर लवकरच कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. किल्ला आणि आसपासचा भाग एवढीच सत्ता उरली. तलवार हातात नाही म्हटल्यावर त्याने पुस्तक हातात धरले. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने वाढवले. आज तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबर हजारो मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' १८०६ साली तंजावरात देवनागरी अक्षरांत छापले गेले. तेव्हा पुण्यात छापखाना नव्हता. त्याला लहानपणी सांभाळले आणि शिकवले ते श्वार्ट्‌झ या जर्मन पाद्र्याने. राजा धर्माने हिंदूच राहिला, पण गुरू वारल्यावर त्याच्यासाठी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे.

यात्रेकरूंसाठी या घराण्याने केलेले काम फार मोठे आहे. उत्तरेतून रामेश्वरला जाणारी वाट तंजावरच्या मुलखातून जाई. त्या वाटेवर राजांनी आणि राण्यांनी अन्नछत्रे बांधली. तिकडे त्यांना 'छत्रम्' म्हणतात. सरफोजीने आपल्या प्रिय मुक्ताम्बाच्या नावे ओरत्तनाडला बांधलेले छत्र अजून उभे आहे. ही छत्रे ताब्यात घेण्याची भाषा कंपनीने सुरू केली, तेव्हा १८०१ साली सरफोजीने इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून त्यांचे काम समजावून सांगितले. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला अन्न. आजारी पडला तर औषध. यात्रेकरू वाटेत मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. राज्य हातचे गेलेला राजा कंपनीशी भांडला तो या छत्रांसाठी!

आता तंजावरहून पूर्वेला समुद्राकडे जाऊ. सुमारे ८० किलोमीटरवर नागपट्टणम् हे जुने बंदर. त्याच्या थोडे उत्तरेला नागोर, थोडे दक्षिणेला वेलंकणी. एका दिवसात दोन्ही ठिकाणी जाऊन येता येते.

नागोरला शाहूल हमीद या सोळाव्या शतकातल्या सूफी संताचा दर्गा आहे. हे संत मूळचे उत्तरेतल्या माणिकपूरचे. मरक्कायर हे तिथले दर्यावर्दी मुसलमान व्यापारी. त्यांनी आपल्या पिराची कीर्ती जहाजांतून पिनांग आणि सिंगापूरपर्यंत नेली, तिथेही नागोरच्या नावाचे दर्गे बांधले. दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यातला सर्वांत उंच १३१ फुटांचा आहे, आणि तो बांधला तंजावरच्या प्रतापसिंहराजे भोसल्यांनी.

हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो. व्यंकोजीच्या नातवाने दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार बांधला. का बांधला? तिथले मुजावर सांगतात की राजाला मूल नव्हते. त्याने पिराला नवस केला, मुलगा झाला, म्हणून मिनार. तो मुलगा म्हणजे पुढचा राजा तुळजाजी. ही लोककथा आहे. तिचा कागद मागू नये. पण ती ऐकताना मला अहमदनगर आठवले. प्रतापसिंहाचे वडील तुकोजी, आजोबा व्यंकोजी, पणजोबा शहाजी आणि खापरपणजोबा वेरूळचे मालोजी भोसले. मालोजींना मूल होत नव्हते तेव्हा नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, दोन मुलगे झाले, आणि पिराच्या नावावरून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. ही हकिगत शिवकाळातच रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आली आहे. म्हणजे ज्या घराण्याचा आपल्याला अभिमान आहे, त्याच्या दोन टोकांना दोन दर्गे उभे आहेत. एक भीमा-गोदेच्या मुलखात, दुसरा कावेरीच्या मुखाशी.

यावरून कुणी म्हणेल, पाहा, तेव्हा कसे सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. तसेही नव्हते. याच प्रतापसिंहाच्या राज्यावर १७४९ च्या अखेरीस चंदासाहेब फ्रेंचांना घेऊन चालून आला. त्याने तंजावरला वेढा घातला आणि खंडणी मागितली. १७५२ मध्ये हाच चंदासाहेब तंजावरच्या सेनापतीच्या हाती सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला. पुढे तुळजाजीला अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने १७७३ मध्ये पदच्युत केले आणि कैदेत ठेवले. तीन वर्षांनी त्याला गादी परत मिळाली. १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजेने तंजावरची शेते उजाड केली. तरीही त्या राजांनी दर्ग्याला मिनार दिला, जमिनी दिल्या. चंदासाहेबाचा राग नागोरच्या पिरावर काढावा असे त्यांना वाटले नाही. शत्रू कोण आणि देवमाणूस कोण, हे त्यांना वेगवेगळे कळत होते.

यात व्यवहारही होता. नागोर हे राज्याच्या पैशाचे दार. तिथला व्यापारी खूश तर जकात सुरळीत. राजाने नवस फेडला आणि बंदरही सांभाळले. मला त्यात खोट दिसत नाही. शेजाऱ्याशी नीट वागण्यात आपलाही फायदा असतो, हे ओळखणारे राज्य भाबड्या राज्यापेक्षा जास्त टिकते.

वेलंकणीची कथाही नवसाचीच. वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी मारियामातेला साकडे घातले, ८ सप्टेंबरला ते किनाऱ्याला लागले आणि त्यांनी तिथे देऊळ बांधले. ऐकताना वसईच्या माणसाला ओळखीचे वाटते. आपल्याकडेही पोर्तुगीज आले, आपल्याकडेही चर्च उठली. गंमत अशी की ज्या १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, त्याच साली प्रतापसिंह तंजावरच्या गादीवर बसला. वसई घेण्याआधी चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, अशी आपल्याकडची कथा. किल्ल्यातल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. पण पाडाव झाल्यावर इथेच राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा तहात दिली गेली. म्हणून तर आज वसईतून वेलंकणीला जायला माणसे आहेत.

नागोरच्या दर्ग्यात भाविक पत्र्याचे हात, पाय, डोळे, घरे, होड्या अर्पण करतात. बांद्र्याच्या मोतमाउलीला हेच मेणाचे वाहतात. केस तर नागोरलाही देतात, वेलंकणीलाही देतात आणि तिरुपतीलाही. मागणे सगळीकडे सारखेच: मूल, घर, दुखणे बरे होणे, समुद्रावर गेलेला माणूस परत येणे. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत सर्वाधिक माणसे याच नागपट्टणम् जिल्ह्यात गेली, सहा हजारांहून अधिक. वेलंकणीच्या किनाऱ्यावर नाताळासाठी आलेले यात्रेकरूही त्यांत होते. त्या किनाऱ्यावर उभे राहिले की होड्या का वाहतात ते समजते.

मुलांसाठी नवस करणाऱ्या या घराण्याचा शेवटचा राजा १८५५ मध्ये मुलगा मागे न ठेवता वारला आणि कंपनीने ते निमित्त करून राज्य संपवले. आता उरले आहे ते दगडावर आणि कागदावर. मिनाराची काळजी दर्गा घेतो आणि देवळाची पुरातत्त्व खाते. पण भिंतीवरच्या त्या मराठीची काळजी कोण घेणार? दगड सहज झिजत नाही. झिजतो तो वाचणारा. मोडी गठ्ठे वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरले आहेत. तंजावरच्या मराठी घरांतून मराठी ओसरते आहे, तशीच आमच्या वसईतून कादोडी आणि वाडवळीही. इतिहास वाचणारा उरला नाही की तो सांगणाऱ्याच्या मर्जीवर जातो. मग मिनार कुणी बांधला हे सांगायचे की गाळायचे, ते दुसरेच कुणी ठरवते.

म्हणून दक्षिणेला जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. वेलंकणीला गेलात तर नागोरचा मिनार पाहून या. नागोरला गेलात तर बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीपर्यंत चाला. रामेश्वरला निघालात तर वाटेत ओरत्तनाडच्या छत्रापाशी क्षणभर थांबा. आणि भिंतीवरच्या निदान चार ओळी मोठ्याने वाचा. शेजारी उभा असलेला कुणी म्हातारा त्या ऐकण्यासाठी कधीचा थांबलेला असेल.