आयरिश वंशशोध

आयर्लंडमधील एखाद्या घराण्याच्या मागील पिढ्या मुलकी व चर्चच्या दप्तरांतील नोंदींवरून निश्चित करण्याच्या अभ्यासाला आयरिश वंशशोध म्हणतात. १८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहूनही अधिक लोकांनी देश सोडला. त्यांचे वंशज आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत विखुरलेले असल्यामुळे या अभ्यासाला मोठे सामाजिक महत्त्व आहे.

दप्तरांची हानी : डब्लिनच्या फोर कोर्ट्स संकुलातील सरकारी अभिलेखागार ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभीच्या लढाईत, जळून खाक झाले. त्या आगीत १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांचे बहुतेक तक्ते, असंख्य मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या अँग्लिकन चर्चच्या तेथे जमा केलेल्या नोंदवह्या नष्ट झाल्या. १८६१ व १८७१ च्या जनगणनांचे तक्ते मात्र सरकारने स्वतःच पूर्वी नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी दिले गेले. मुलकी जन्म-मृत्यूच्या नोंदी दुसऱ्या कचेरीत आणि कॅथलिक नोंदवह्या आपापल्या चर्चमध्ये असल्यामुळे त्या वाचल्या. म्हणूनच आयर्लंडचे सगळे दप्तर १९२२ मध्ये जळाले हा सर्वसाधारण समज चुकीचा ठरतो.

स्थळनिश्चिती : टाऊनलँड हा आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला विभाग असून देशात असे साठ हजारांहून अधिक विभाग आहेत. अनेक टाऊनलँड मिळून मुलकी धर्मग्राम, त्यांवर बॅरनी आणि त्यावर काउंटी अशी रचना असते. कॅथलिक धर्मग्रामांच्या हद्दी मुलकी धर्मग्रामांशी बहुधा जुळत नाहीत, तर मुलकी नोंदणीचे जिल्हे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या पुअर लॉ युनियनच्या हद्दींवर बेतलेले होते. त्यामुळे पूर्वजाचे टाऊनलँड कळल्याशिवाय कोणती वही पाहायची हेच ठरत नाही, आणि ते नाव पुष्कळदा परदेशातील विवाहनोंदीत, मृत्युलेखात किंवा थडग्यावरील मजकुरात सापडते.

मुलकी नोंदणी : कॅथलिकेतर विवाहांची नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून, तर सर्व जन्म, मृत्यू व विवाहांची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव आणि विवाहनोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असल्यामुळे या दोन नोंदींवरून मागच्या पिढीपर्यंत पोहोचता येते. जुन्या मृत्युनोंदीत मात्र मृताच्या आईवडिलांची नावे नसतात. आरंभीच्या वर्षांत अनेक जन्म नोंदवलेच गेले नाहीत. मुदत उलटून गेल्यावर दंड चुकवण्यासाठी पालक जन्मतारीख पुढची सांगत, त्यामुळे चर्चच्या वहीतील बाप्तिस्मा मुलकी जन्मतारखेच्या आधीचा असल्याचे आढळते. अशा वेळी बाप्तिस्म्याची तारीख अधिक विश्वसनीय मानावी. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींच्या १९२२ नंतरच्या नोंदी बेलफास्ट येथील स्वतंत्र कार्यालयाकडे आहेत.

चर्चच्या नोंदी : १८६४ पूर्वीच्या बहुसंख्य कॅथलिक कुटुंबांसाठी बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या हाच मुख्य आधार आहे. शहरांतील व पूर्वेकडील काही वह्या अठराव्या शतकापर्यंत किंवा त्याही मागे जातात, तर पश्चिमेकडील गरीब भागांतील अनेक वह्या १८२० नंतर सुरू होतात. दफनाच्या नोंदी कमी आढळतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सुमारे १८८० पर्यंतच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तयार केल्या आणि २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. अनेक नोंदी लॅटिनमध्ये असल्यामुळे जेम्स ‘याकोबुस’ म्हणून, विल्यम ‘गुलिएल्मुस’ म्हणून, तर जॉन ‘योआनेस’ म्हणून भेटतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता व धर्ममाता यांची नावे असतात आणि ही माणसे बहुधा नात्यातलीच असल्यामुळे एकाच नावाच्या दोन कुटुंबांतील फरक त्यांच्यावरून कळतो. विवाह सामान्यतः वधूच्या माहेरच्या धर्मग्रामात लागत असे, म्हणून वराच्या गावी नोंद न सापडल्यास वधूचे गाव शोधावे. चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक वह्या आगीत गेल्या. प्रेस्बिटेरियन पंथाच्या नोंदी मुख्यतः अल्स्टरमध्ये आढळतात.

पूरक साधने : १९०१ व १९११ च्या जनगणना संपूर्ण उपलब्ध असून १९११ च्या तक्त्यात विवाहाला झालेली वर्षे, झालेली मुले व हयात मुले यांचीही माहिती आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतर पेन्शन मिळू लागल्यामुळे या दोन जनगणनांच्या दरम्यान अनेकांचे वय दहा वर्षांहून अधिक वाढलेले दिसते. वयाचा पुरावा म्हणून १८४१ व १८५१ च्या तक्त्यांतून काढलेले काही उतारे पेन्शनच्या कागदांत टिकले आहेत. १८२३ ते १८३७ मधील दशांश कराच्या वह्या आणि १८४७ ते १८६४ मधील, ग्रिफिथच्या नावाने ओळखली जाणारी जमिनीची मूल्यांकन-सूची यांत जमीन कसणाऱ्या कुटुंबप्रमुखांची नावे आहेत, पत्नी व मुलांची नाहीत. सैन्यात भरती होऊन मुंबई इलाख्यात आलेल्या अनेक आयरिश शिपायांचे बाप्तिस्मे, विवाह व दफने लंडनला पाठवलेल्या प्रतींत नोंदलेली असून त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

शोधपद्धती : शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावा. १९११ च्या तक्त्यातील जोडप्याच्या विवाहाचे वर्ष काढून मुलकी विवाहनोंदीत वडिलांची नावे पाहावीत, त्यांवरून चर्चच्या वहीतील बाप्तिस्मा शोधावा आणि अखेरीस मूल्यांकन-सूचीत त्या घराची जमीन निश्चित करावी. आडनावाच्या आरंभीचे ‘ओ’ व ‘मॅक’ कधी गाळलेले, तर कधी पुन्हा जोडलेले असतात. त्यामुळे नावाची सर्व रूपे तपासणे आवश्यक ठरते. केवळ नाव जुळले म्हणून नाते मानू नये. स्थळ, आईचे माहेरचे आडनाव आणि धर्मपिता-धर्ममाता यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या तरच नोंद आपल्या घराण्याची धरावी.