एसडब्ल्यूआर : नव्या हॅम संचावरील वाढीव आकडा आणि मावळातील निदान

एसडब्ल्यूआर म्हणजे स्थायी तरंग गुणोत्तर. प्रेषकातून निघालेली रेडिओ ऊर्जा केबलमधून अँटेनाकडे जाते. अँटेनाचा संरोध, म्हणजे इंपीडन्स, केबलच्या संरोधाशी जुळला नाही, तर ऊर्जेचा काही भाग उलट फिरतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळल्या की केबलवर काही जागी व्होल्टता चढलेली व काही जागी उतरलेली राहते. त्या कमाल आणि किमान व्होल्टतांचे गुणोत्तर म्हणजे हा आकडा. जुळणी पूर्ण असेल तर तो १:१ असतो. १.५ ला सुमारे ४ टक्के, २ ला ११ टक्के आणि ३ ला २५ टक्के शक्ती परावर्तित होते. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींचे बहुतेक संच ५० ओहमसाठी बांधलेले असतात. आकडा २ ते ३ च्या पलीकडे गेला की ते अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी आपली शक्ती आपणच उतरवतात.

परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होणारी संकेतखूण हाती आली, पहिला संच घरी आला, आणि मीटरची पट्टी उजवीकडे धावली, की नवा हॅम संच परत पाठवायला निघतो. तसे करण्याची गरज फार क्वचित पडते. मीटर संचात बसवलेला असला तरी तो सांगतो ती बातमी मागच्या सॉकेटच्या पलीकडची असते : जोडपिना, केबल, अँटेना आणि तिचा परिसर. म्हणून पहिली पायरी ठरलेली आहे. शक्ती ५ वॅटवर आणावी आणि अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती पचवणारा रोध, थेट संचाला जोडावा. आकडा १ च्या आसपास आला, तर संच निर्दोष आहे. डमी लोड म्हणून विजेचा दिवा वापरू नये, कारण तापताना त्याच्या तारेचा रोध कित्येक पटींनी बदलतो. पुढे तोच लोड केबलच्या दूरच्या टोकाला लावावा. आता आकडा चढला तर दोष केबलमध्ये किंवा जोडपिनांत आहे, आणि नाही चढला तर अँटेनाकडे वळावे.

जोडपिना हे सर्वांत जास्त दोष लपवणारे ठिकाण. पीएल-२५९ या जोडपिनेत मधली तार टोकापर्यंत पोचलेली असते, पण डाग धरलेला नसतो, किंवा केबलच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा तंतू मधल्या पिनेला टेकलेला असतो. केबलचे दूरचे टोक मोकळे ठेवून मल्टिमीटर लावल्यास मधली तार व जाळी यांत जोड दिसता कामा नये. त्याच टोकाला मधली तार व जाळी एकमेकांना जोडून शॉर्ट केल्यावर ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये एक-दीड ओहमच्या आसपास वाचन मिळावे. अँटेना जोडलेली असताना मात्र हे वाचन फसवू शकते. जे-पोल, फोल्डेड डायपोल अशा काही अँटेना एकदिश प्रवाहाला (डीसी) मुळातच शॉर्ट दिसतात, त्यात दोष काही नसतो. पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना तिच्यावर छापलेला क्रमांक वाचून घ्यावा. टीव्हीची आरजी-६ ही ७५ ओहमची असते. नुसत्या तिच्यामुळे आकडा २.२५ पर्यंत जाऊ शकतो. ते बहुधा चालवून घेता येते, पण कारण ठाऊक नसेल तर माणूस बिचारी अँटेना कापत बसतो.

अँटेनाची लांबी हा सरळ हिशेब आहे. अर्धतरंगी डायपोलची मीटरमधील लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर येते. भारतातील ४० मीटर पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आकडा कमी व वरच्या टोकाला जास्त असेल तर तार लांब आहे, उलटे असेल तर आखूड. या पट्ट्यात १०० किलोहर्ट्झ सरकवायला प्रत्येक बाजूला सुमारे १४ सेंटिमीटरचा फरक करावा लागतो. तार एकदम तोडू नये. टोक मागे दुमडून पिळावे आणि पुन्हा मोजावे. सरळ ताणलेला, उंच डायपोल ७३ ओहमच्या आसपास असतो. टोके खाली उतरवून उलटा व्ही केला की तो ५० च्या जवळ येतो. दोन्ही टोकांना खांब उभे करण्याची सोय नसलेल्या घरांना तो सोयीचाही पडतो.

परिसराचा भाग मावळात विशेष महत्त्वाचा. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवर पावसासाठी पत्रे चढवलेले असतात. त्यांच्यावर हातभर उंचीवर ताणलेली तार खालच्या वारंवारतेकडे सरकते व तिचा संरोध पडतो. गॅलरीच्या लोखंडी गजांना टेकवलेली व्हीएचएफ कांडी त्याच कारणाने बिघडते. १४५ मेगाहर्ट्झची पाव तरंगाची कांडी जेमतेम ४९ सेंटिमीटरची असते, पण तिला खाली धातूचा पृष्ठ लागतो. मोटारीच्या टपावर उत्तम चालणारी चुंबकी अँटेना लाकडी टेबलावर ठेवून मोजली तर आकडा चढणारच. लोहगडावरून प्रेषण करणाऱ्याने मासेमारीची लांब काठी सोबत न्यावी. गड संरक्षित स्मारक आहे, तटाला तार बांधणे किंवा खिळा ठोकणे योग्य नाही.

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे जाईपर्यंत तो बराच उतरतो, म्हणून तळेगावात वर्षानुवर्षे टिकलेली जोडणी घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात सडू शकते. ओल्या तारेचा आकडा पावसात थोडा सरकतो आणि ऊन पडले की परत येतो. त्याची काळजी करू नये. काळजी करावी ती केबलमध्ये शिरलेल्या पाण्याची. वरच्या जोडातून आलेले पाणी जाळीच्या विणीतून आत ओढले जाते, तांबे काळे-हिरवे पडते आणि केबल ऊर्जा खाऊ लागते. मग घडते ते असे की आकडा वाढत नाही, तो सुधारतो. लाट जाताना आणि परतताना अशी दोन्ही वेळा केबलमध्ये क्षीण होते आणि मीटरपर्यंत फारसे काही पोचतच नाही.

कोरड्या, नव्या केबलवरही हे दिसते. १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ सुमारे ६ डेसिबल गमावते, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती. तिच्या दूरच्या टोकाची अँटेना पूर्ण काढून टाकली तरी संचाजवळचा मीटर १.७ च्या आसपास दाखवील. हाच प्रयोग ७ मेगाहर्ट्झवर केला, तर केबलचा ऱ्हास थोडा असल्याने आकडा ८ च्या घरात जातो. म्हणून व्हीएचएफवर लांब केबल लागत असेल तर जाड आरजी-२१३ घ्यावी, आणि मोजणी शक्य तेव्हा अँटेनाच्या पायथ्याशी करावी. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी व केबल घरात शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून जाते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन तांब्याला लावू नये. त्यातले आम्ल जोड खाते.

स्वयंचलित ट्यूनर आकडा १ वर आणतो, पण फक्त संचाच्या तोंडाशी. केबलवरची लाट आणि तिचा ऱ्हास तसाच राहतो. ट्यूनर मोजणीच्या वेळी बंद ठेवावा, हे नव्या संचांत हमखास विसरले जाते. रेल्वेच्या किंवा उच्चदाबाच्या तारांची खरखर हा वेगळा विषय आहे. ती ग्रहणात ऐकू येते, तिचा या आकड्याशी संबंध नाही.

केबल व अँटेना यांच्या जुळणीचा प्रश्न पुणे जिल्ह्याला जुना आहे. इंग्लंडशी बिनतारी संपर्कासाठी १९२७ मध्ये सुरू झालेल्या मार्कोनी बीम सेवेचे प्रेषण केंद्र खडकीला आणि ग्राहक केंद्र दौंडला होते. त्या पद्धतीत उंच मनोऱ्यांवरील तारांच्या पडद्यापर्यंत ऊर्जा नेण्यासाठी एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्या वापरत. त्या नळ्या आजच्या कोॲक्स केबलच्या पूर्वजांपैकी होत.

अँटेना चढवताना महावितरणच्या तारांपासून तिच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त अंतर राखावे. वळवाच्या विजा कडाडू लागण्यापूर्वीच केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. जोडणी नवी व कोरडी असतानाच, मे महिन्यात, प्रत्येक पट्ट्याच्या दोन टोकांना आणि मध्यावर आकडे मोजून वहीत उतरवावेत. ऑक्टोबरात तेच आकडे विनाकारण खाली आलेले दिसले, तर केबल बदलावी.