बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?

मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाला घरीदारी एक सल्ला हमखास मिळतो: ‘जुलाब थांबले, रक्त पडायचं बंद झालं, आता गोळ्या सोड. जन्मभर औषधं खाऊन आतडी आणखी बिघडतील. पथ्य पाळ.’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो आणि त्यात तथ्याचा अंशही आहे. म्हणूनच तो नीट तपासून खोडला पाहिजे.

तथ्य आहे ते स्टेरॉइडपुरते. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोनच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हापासून आजार उसळलेला असताना या औषधाचा गुण निर्विवाद ठरला. पण ते लांबत गेले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. आणि एवढे सोसूनही आजार पुन्हा उलटणे टळत नाही. स्टेरॉइड कायमचे नको, हे वैद्यकशास्त्रच सांगते. मात्र तेही एकदम तोडायचे नसते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवायचे असते.

चूक होते ती हाच नियम सगळ्या औषधांना लावण्यात. सल्फासालाझिन आणि त्यातूनच पुढे आलेले मेसालामाइन ही औषधे आजार शांत ठेवण्यासाठी असतात. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये, लक्षणे थांबलेल्या रुग्णांपैकी काहींना सल्फासालाझिन आणि काहींना औषध नसलेली गोळी देऊन वर्षभर पाहिले गेले. बिनऔषधाच्या गोळीवर राहिलेल्या बहुतेकांचा आजार उलटला. औषध घेणाऱ्या बहुतेकांचा उलटला नाही. २००३ मध्ये सुनंदा केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत आढळले, की मेसालामाइन नियमित न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक असतो.

कारण उघड आहे. शौच साफ होऊ लागले तरी आतड्याच्या अस्तरात सूज शिल्लक असू शकते. ती वर्षानुवर्षे धुमसत राहिली तर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षे झाली, की काही त्रास नसला तरी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यायला सांगतात.

‘अमक्याने औषध सोडले, त्याला काही झाले नाही,’ असा दाखला दिला जातो. असे रुग्ण असतात. पण आपण त्यांतले आहोत का, हे सोडण्यापूर्वी खात्रीने सांगता येत नाही. पथ्याचेही तसेच: न सोसणारे पदार्थ टाळल्याने त्रास हलका होतो, पण ते औषधाची जागा घेत नाही.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार तरुणपणापासून होता. २००७ मध्ये तब्येतीमुळे त्यांना पद सोडावे लागले. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, असे त्यांनीच सांगितले आणि २०१२ पासून जवळजवळ आठ वर्षे त्यांनी सलग राज्यकारभार केला. २०२० मध्ये आजार उलटला आणि त्यांना पुन्हा पायउतार व्हावे लागले. औषध म्हणजे कायमची हमी नव्हे, हे खरेच. पण मधली कामाची वर्षे त्यानेच मिळवून दिली.

शौचालय कुठे आहे हे आधी पाहिल्याशिवाय एसटीत न बसणारा, पोटाच्या धाकाने नोकरी सोडणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला गोळ्यांचे ओझे मोठे वाटणार नाही. खर्चाचे ओझे मात्र खरे आहे. ते पेलत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, स्वस्त पर्याय विचारा, मात्रा कमी करता येईल का तेही विचारा. पण कोणाच्या सांगण्यावरून, न विचारता गोळ्या बंद करू नका.